‘किंवा समकक्ष’ या दोन शब्दांपायी

तीर्थरूप मामांना,

खुडबुडीचा नमस्कार. साष्टांग घातला असता, पण टेबल आणि कपाट यांच्यामध्ये जागा जेमतेम चार अंगांची आहे, तेव्हा उरलेली चार भेटल्यावर वसूल करून घ्यावीत. तुमचा खोकला, मामींचा गुडघा आणि गच्चीवरच्या टाकीची गळती या तिघांच्या प्रकृती कशा आहेत ते कळवा. इकडे सगळं ठीक. नानांचा रक्तदाब वर गेला होता तो खाली आला आणि आईचा खाली होता तो नानांची काळजी करून वर गेला. घराची सरासरी उत्तम आहे.

फोन सोडून हिला पत्राची अवदसा कुठून आठवली, असं तुम्ही म्हणाल. मामा, तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता. मागे मी तुम्हाला माझ्या दाढदुखीबद्दल सांगत होते, तेव्हा मधेच एका अनोळखी आवाजाने मला लवंग धरायला सांगितली आणि दुसऱ्या अनोळखी आवाजाने त्याला विरोध केला. आजचा विषय दाढेपेक्षा नाजूक आहे. म्हणून पत्र. सावकाश वाचा, आणि शक्यतो मनात वाचा.

तर, वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसते हे तुम्हाला माहीत आहेच (आई अजून पाहुण्यांना ‘सध्या तिथे बसते’ असं सांगते, जणू मी बसची वाट बघते आहे). दुकानाच्या मालकांना आम्ही वॉरंटीकाका म्हणतो, कारण ते कशाचीच देत नाहीत. पुढे ते काचा बदलतात, आणि मागच्या खोलीत, खिडकी नसलेल्या कोपऱ्यात, मी. पाण्यात पडलेले, गाडीखाली आलेले, कपड्यांबरोबर धुतले गेलेले फोन माझ्याकडे येतात आणि मी त्यांच्या पोटातले फोटो, निरोप, आवाज जे निघेल ते बाहेर काढते. मध्यंतरी एका बाईंना त्यांच्या वारलेल्या भावाचा एक निरोप काढून दिला. भाऊ त्यात फक्त ‘पोचलो गं, तू जेवून घे’ एवढंच म्हणत होता. बाई काउंटरला टेकून ते पुन्हा पुन्हा ऐकत राहिल्या आणि मी मागे जाऊन उगाचच स्क्रू लहान-मोठे वेगळे करत बसले. सांगायचं असं की या कामावर माझा जीव आहे. आणि नेमकं तेच जायची वेळ आली. वॉरंटीकाका दुकान जावयाच्या हवाली करत आहेत आणि जावईबापूंचं मत पडलं की हल्ली माणसं फोन दुरुस्त करत नाहीत, कव्हर बदलतात. माझ्या टेबलाच्या जागी कव्हरांचा फिरता स्टँड यायचा आहे. त्यांनी टेप आणून मापं घेतली. मी टेबलाशी बसलेली असताना घेतली. एकदा तर ‘ताई, जरा कोपर’ असंही म्हणाले.

अशात एक दिवस दुपारी साध्या कपड्यातले एक हवालदार आले. हातात डब्याची प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत पाण्याच्या टाकीत सापडलेला फोन. कुठल्याशा फसवणुकीच्या प्रकरणातला होता. तो आधी कोणाकडे तरी रीतसर पाठवायचा असतो हे त्यांना माहीत नव्हतं आणि मला तर नव्हतंच. मामा, मी त्या फोनची अशी सेवा केली की सुनेने सासूची केली नसेल. उघडला, वाळवला, घासला, चालू केला. पूर्ण चार्ज केला. काच पुसली. शेवटी त्याने विचारलं, ‘नवीन आवृत्ती आली आहे, अद्ययावत करू का?’ मी म्हटलं कर बाबा, तुझी हौस का मोडू. हवालदार खूश होऊन गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांचे साहेब आले. ओरडले नाहीत. शांत माणसाचा राग फार लांब चालतो, त्यामुळे बराच वेळ बसले. म्हणाले, “पुराव्याचा फोन जसा सापडला तसा राहायला हवा. तुम्ही मढ्याला आंघोळ घालून, केस विंचरून, नवे कपडे घालून पाठवलंत. आता ते कसं मेलं हे मी कोर्टाला काय सांगू?” मी मान खाली घालून उभी होते, पण खरं सांगते, कानउघाडणी चालू असताना माझं मन भलतीकडेच पळालं होतं. म्हणजे हे काम नीट, नियमाने, सरकारी पगारावर करणारी माणसं असतात तर. मी विचारलं, “साहेब, हे करायला काय शिकावं लागतं?” साहेब उठता उठता पुन्हा बसले आणि म्हणाले, “आमच्या प्रयोगशाळेची जाहिरात आलीय परवाच्या पेपरात. अर्हता लागते. पदवी वगैरे. किंवा समकक्ष.”

या दोन शब्दांनी पुढे आमच्या घरात जो धुमाकूळ घातला, तो आता ऐका.

पेपर रद्दीतून उपसून काढला. पदाचं नाव होतं ‘अंकीय न्यायवैद्यक सहायक’. हे आईने चष्म्याशिवाय वाचलं, त्यातलं ‘वैद्यक’ तेवढं तिला दिसलं, आणि मी जाहिरात पुरती वाचून होईपर्यंत जिन्यात बातमी पोचली की आमची मुलगी पोलिसांत डॉक्टर होणार. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू गुडघ्याचा एक्स-रे घेऊन आल्या. मी त्यांना समजावलं की हे फोन आणि संगणक यांच्या आतला पुरावा शोधायचं काम आहे, गुडघ्यांचं नाही. तर आई म्हणते, “म्हणजे फोनची डॉक्टर. मग मी काय चुकीचं सांगितलं?” काकू म्हणाल्या की एक्स-रे हाही फोटोच ना, बघायला काय जातं तुझं. बघितला. मामा, तो खांदा होता. खालच्या कोपऱ्यात नाव काकांचं होतं. काकू बायकोचा गुडघा म्हणून नवऱ्याचा खांदा वर्षभर निरनिराळ्या डॉक्टरांपुढे नाचवत होत्या आणि त्यातल्या दोघांनी गुडघ्याला मलम दिलं होतं. त्या दिवसापासून सगळ्या बिल्डिंगमध्ये माझं निदान अचूक समजलं जातं, आणि माझा ‘मी डॉक्टर नाही’ हा खुलासा विनयात धरला जातो.

आता अर्हतेचं वाक्य. जसंच्या तसं उतरवते, कारण त्यात एकही स्वल्पविराम नाही आणि माझं सगळं रामायण त्या न दिलेल्या स्वल्पविरामात आहे: ‘संगणकशास्त्र अथवा विज्ञान शाखेतील पदवी किंवा समकक्ष अर्हता व संबंधित कामाचा अनुभव आवश्यक प्रमाणपत्र इष्ट’.

तुमचे मेहुणे, म्हणजे आमचे नाना, छापखान्यात मुद्रितशोधक होते हे तुम्ही विसरला नसालच (तुमच्या लग्नपत्रिकेतलं ‘आशिर्वाद’ त्यांनी मांडवाच्या दारात उभं राहून पाहुण्यांच्या हातातल्या प्रतींवर दुरुस्त केलं होतं). निवृत्तीनंतर त्यांच्या हाती इतकं चविष्ट वाक्य प्रथमच लागलं. कानामागची लाल पेन्सिल काढून ते जे बसले ते जेवणाला उठेनात. त्यांचं म्हणणं, या वाक्यातून निदान चार वेगवेगळ्या मुली नोकरीला लागू शकतात. ‘अनुभव आवश्यक’ इथे थांबलं तर अनुभव हवाच आणि प्रमाणपत्र असलं तर बरं. पण ‘आवश्यक प्रमाणपत्र इष्ट’ असं एका दमात वाचलं, तर जे आवश्यक आहे ते नुसतं इष्ट आहे, आणि असं लिहिणाऱ्याला नोकरीवर ठेवणं अनिष्ट आहे. शिवाय तो अनुभव पदवीवाल्यांनाही हवा, की फक्त समकक्षवाल्यांना? आई म्हणाली, “अहो, पोरीचं होणार का नाही तेवढं सांगा.” नाना म्हणाले, “ते ‘व’वर अवलंबून आहे.” आमच्याकडे त्यानंतर दोन दिवस कुणीही ‘व’ हे अक्षर सहजासहजी उच्चारलं नाही.

मग आम्ही दोघं विचारायला निघालो. (मी एकटीच जाणार होते. पण नाना पायात चपला घालून दारात उभे होते आणि त्यांच्या खिशातून पेन्सिलीचं टोक दिसत होतं. अशा माणसाला घरी सोडून जाता येत नाही.) पोलीस मुख्यालयात चौकशीच्या खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी माझी पदवी ऐकली आणि ‘वनस्पती’ या शब्दाशी चष्मा काढला. म्हणाल्या, विज्ञान म्हणजे संबंधित विज्ञान, आणि समकक्ष काय ते आम्ही ठरवत नाही, विद्यापीठ ठरवतं. विद्यापीठात गेलो. तिथल्या लांबलचक हॉलमध्ये सगळ्या टेबलांवर पंखे आणि पंख्यांखाली कागद धरून बसलेली माणसं. समकक्षतेच्या टेबलावरचे गृहस्थ दोन्ही हातांनी कागद दाबून बसले होते, त्यामुळे त्यांना फक्त हनुवटीने बोलता येत होतं. ते म्हणाले, समकक्ष म्हणजे कशाशी समकक्ष, हे पोलिसांनी लिहून द्यावं. मी परत फिरणार, तेवढ्यात नाना खुर्ची ओढून बसले.

नानांनी त्यांना जे सांगितलं ते मी आजन्म विसरणार नाही. म्हणाले, साहेब, संगणकात माहिती कशी ठेवतात? मुळापासून फांद्या, फांद्यांना उपफांद्या, टोकाला पानं. माझ्या मुलीने तीन वर्षं दुसरं काय पाहिलं? गृहस्थ विचारात पडले. खरोखर पडले, मामा. माझा अभ्यासक्रम मागवून त्यांनी ‘मूळ’, ‘शाखा’, ‘जाळे’, ‘साठवण’ या शब्दांखाली खुणा करायला घेतल्या, आणि क्षणभर मला वाटलं की आता हा माणूस मला संगणक अभियंता करूनच सोडणार. पण खूण करायला त्यांनी एक हात उचलला, आणि पंख्याने संधी साधली. पुढची काही मिनिटं सगळा विभाग टेबलांखाली होता. माझा अभ्यासक्रम मिळाला, फक्त तो कुण्या संगीत विशारदाच्या अर्जाला टाचून मिळाला. आम्ही घाईने बाहेर पडलो.

बाहेर पडतो न पडतो तोच समोरच्या इमारतीवर पाटी: ‘सायबर तज्ज्ञ व्हा. आठवड्यात.’ मी नको म्हणत होते, पण पाटीत अक्षरदोष नव्हता म्हणून नाना प्रभावित झाले. आत कंठलंगोट लावलेला एक तरुण, चकाकता टेबल आणि भिंतभर प्रमाणपत्रांच्या चौकटी. त्याने मला एकही प्रश्न न विचारता सांगितलं की माझ्यात गुप्तहेराचे सगळे गुण आहेत. पोलीस त्याच्याकडून माणसं अक्षरशः उचलून नेतात, असंही म्हणाला (हे वाक्य त्याने जरा पारखून घ्यायला हवं होतं). मी विचारलं, हे प्रमाणपत्र त्या जाहिरातीला चालतं का? तो म्हणाला, सरकारमान्य आहे. नाना चौकटीला नाक लावून बारीक अक्षर वाचत होते. तिथूनच म्हणाले, “‘सरकारमान्य होण्याच्या मार्गावर’ असं आहे.” तरुण म्हणाला, तेच ते. नाना म्हणाले, “तसा मीही देवाघरच्या मार्गावर आहे, पण अजून मला कुणी हार घालत नाही.” मग त्यांची नजर वर गेली, आणि मोठ्या सोनेरी अक्षरांत ‘प्रमानपत्र’ दिसलं. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. काचेवर लाल पेन्सिल उमटत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी चौकट उतरवून मागची पट्टी सोडवायला घेतली. आम्हाला दारापर्यंत पोचवायला तो तरुण स्वतः आला.

घरी येऊन मी कोपऱ्यात बसले. आता हसून लिहिते आहे, पण त्या संध्याकाळी मला काही हसू येत नव्हतं. अर्जाची मुदत संपत आली होती आणि दुकानात फिरता स्टँड येऊन पडला होता, खोक्यात, माझ्या टेबलाला टेकून. आईने चहा दिला आणि जाहिरातीच्या तळाशी बोट ठेवून म्हणाली, “हा नंबर कसला आहे गं?” तो चौकशीसाठी दूरध्वनी क्रमांक होता, मामा. नानांनी त्याच्या शेजारचा चुकीचा विसर्ग लाल केला होता. पण तो नंबर फिरवावा असं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

सकाळी फिरवला. एका बाईंनी उचलला. आवाज असा की शाळेच्या मुख्याध्यापकांनीही उभं राहून ऐकावा. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुखच निघाल्या, कारकून रजेवर होता. मी धडाधड सगळं सांगितलं: वनस्पतिशास्त्र, दुकान, समकक्ष, पंखा. त्या मधे एकदाही बोलल्या नाहीत, त्यामुळे फोन कट झाला असं वाटून मी दोनदा ‘हॅलो’ म्हटलं. मग म्हणाल्या, “विज्ञानाची कोणतीही पदवी चालते. पदवी नसेल तर समकक्ष बघतात, तुम्हाला त्याची गरजच नाही. पोलीस म्हणून भरती व्हायचं नाही, धावायचं नाही, उंची मोजत नाही. बाकीचं शिक्षण आम्ही देतो, त्याच्या परीक्षाही आम्हीच घेतो. पण हातानं काम केल्याचा दाखला आणा.” एवढं सोपं होतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात नानांनी माझ्या हातातून फोन घेतला. मी कपाळाला हात लावला. नाना म्हणाले, “बाई, एकच शंका. ‘आवश्यक’नंतर पूर्णविराम आहे का?” बाई म्हणाल्या, “आहे. मी लिहिलेल्या मसुद्यात होता. वरच्या कार्यालयात गळाला. मी तक्रार केली तर म्हणाले, टिंबानं काय होतं?” नानांनी फोन मला परत दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. आईने विचारलं काय झालं, तर म्हणाले, “आहेत. अजून माणसं आहेत.”

आता दाखला. तो द्यायचा वॉरंटीकाकांनी, आणि त्या माणसाने आयुष्यात कशाचीही हमी दिलेली नाही. पहिला मसुदा होता: ‘सदर मुलगी आमच्याकडे काम करते असे दिसते. पुढील जबाबदारी आमची नाही.’ मी म्हटलं, काका, मी इतकी वर्षं तुमच्याकडे आहे. ते म्हणाले, म्हणूनच ‘दिसते’ लिहिलं, नाहीतर ‘असे समजते’ लिहितो. दुसऱ्या मसुद्यात ‘काम चांगले’ आलं, पण कंसात ‘पाण्यात पडल्यास लागू नाही’. शेवटी मी माझी हत्यारं डब्यात भरू लागले. ते बघत उभे राहिले. मग जावयाला बाहेर चहा आणायला पिटाळलं, दार लोटलं आणि एका दमात लिहिलं: ‘हिने हात लावलेला फोन मी कधी दुसऱ्यांदा तपासला नाही.’ सही केली. सही वाळेपर्यंत त्यांनी कागद हातातून सोडला नाही, आणि हमी देणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळा आतून पाहिली. बाहेरून विमा कंपनीचं कार्यालय वाटावं अशी. आत स्वच्छ पांढरी टेबलं, फोनला बाहेरचा निरोप पोचू नये म्हणून आतून चंदेरी अस्तर लावलेल्या पिशव्या, आणि कपाटाच्या प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी: काय आहे, कुणी ठेवलं, कुणी उघडलं. मूळ फोनवर काम करत नाहीत, मामा. त्याची हुबेहूब प्रत काढतात आणि प्रतीवर काम करतात. किती साधी गोष्ट, आणि मी त्या दिवशी काच पुसत बसले होते. लेखी पेपर बरा गेला, सरावाच्या एका फोनमधून खोडलेला फोटोही काढून दाखवला. पण खरी परीक्षा पुढे होती: खोटं कोर्ट. एका खोलीत पिंजरा, उंच खुर्ची, आणि उलटतपासणी घ्यायला एक निवृत्त वकील. हे वकीलसाहेब इतके म्हातारे आणि इतके प्रेमळ दिसत होते की मी निर्धास्त झाले. पहिल्याच प्रश्नाला त्यांनी मला सोलून काढलं. आणि मला, तुम्हाला ठाऊक आहेच, घाबरले की उचकी लागते.

त्यांनी विचारलं, “आरोपीने फोटो खोडला. खोडला म्हणजे गेला. मग तुम्हाला कुठून दिसला?” तांत्रिक शब्द वापरायचे नाहीत असा नियम होता. मी म्हटलं, साहेब, झाडाचं पान गळतं (उचकी). पण जिथे ते लागलेलं होतं तिथे फांदीवर एक वण राहतो. तो वण पाहून पान कुठल्या जातीचं होतं, कुठल्या बाजूला होतं, ते सांगता येतं. आणि खाली जमिनीवर (उचकी) ते पानही बहुधा पडलेलं असतं, झाडलोट होईपर्यंत. वकीलसाहेब म्हणाले, “म्हणजे फोन हे झाड आहे?” मी म्हटलं, नाही साहेब. “मग पान कुठलं?” मला हसू आलं, हसू आणि उचकी एकदम आली, आणि पिंजऱ्यातून असा काही आवाज निघाला की उंच खुर्चीतल्या प्रमुख बाईंनी फाइल तोंडासमोर धरली.

मग त्यांनी आवाज अगदी मऊ केला. “मुली, तू तज्ज्ञ आहेस का?” त्या सकाळी माझ्या आधीचे सगळे ‘हो’ म्हणून बाहेर पडले होते, हे मला नंतर कळलं. मी म्हटलं, “अजून नाही.” “मग कोर्टाने तुझं का ऐकावं?” मी म्हटलं, “ऐकू नये साहेब, तपासावं. मी काय केलं ते ओळीने लिहून ठेवलंय. दुसऱ्या कुणी तसंच केलं तर तेच मिळालं पाहिजे. नाही मिळालं तर माझं चुकलं.” वकीलसाहेबांनी चष्मा पुसला, खिशातून खडीसाखरेचा खडा काढला, पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवला आणि म्हणाले, “उचकीला बरी असते.”

आणि मामा, काल पत्र आलं. निवड झाली आहे, तात्पुरती. नानांनी लिफाफा फोडायच्या आधी दोन्ही बाजूंनी वाचला. आत एकही चूक नव्हती. ते इतके अस्वस्थ झाले की त्यांना फिरायला जावं लागलं. आई जिन्यात गेली आहे आणि तिथून येणाऱ्या आवाजांवरून माझ्या दवाखान्याच्या वेळा ठरत आहेत. मला स्वतःला सकाळपासून काही सुधरत नाही. एकदा मीठ समजून साखर घातली आणि एकदा साखर समजून मीठ, तेव्हा हिशेब जुळला असावा. तुमचा आशीर्वाद (नाना शेजारी बसून पाहत आहेत, दीर्घच लिहिला आहे) पाठीशी असू द्या. मामींना नमस्कार, टाकीला शुभेच्छा.

तुमची भाची,
खुडबुडी

ता. क. निवड तात्पुरती अशासाठी की आता चारित्र्य पडताळणी व्हायची आहे. त्यासाठी अर्जातच परगावी राहणाऱ्या एका जबाबदार नातेवाइकाचं नाव द्यायचं होतं. मी तुमचं दिलं. साधारण आठवड्याभरात एक पोलीस अधिकारी तुमच्याकडे येऊन माझ्याविषयी विचारतील. खरं तर हे पत्र एवढ्याचसाठी आहे, वरचं सगळं प्रस्तावना समजा. मामा, तुमचं माझ्यावर फार प्रेम आहे हे मी जाणते. पण ‘आमची भाची कुणाचाही फोन चुटकीसरशी उघडते, पोलिसांच्या बापाला पत्ता लागत नाही’ हे वाक्य तुम्ही लग्नकार्यात जसं सांगता, तसं त्यांना सांगू नका. हात जोडते. ‘हॅकर’ हा शब्द तर कौतुकानेसुद्धा नको. विचारलं तर म्हणा, मुलगी शांत आहे, झाडांची आवड आहे. बस.

ता. क. २. पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात मामींचा फोन आला. अधिकारी कालच येऊन गेले म्हणे. तुम्ही ते वाक्य सांगितलंत. चहा झाल्यावर पुन्हा सांगितलंत. मग पुरावा म्हणून स्वतःचा फोन आणून दिलात आणि म्हणालात, “याचा पासवर्ड भाचीनेच लावून दिलाय, जगात कुणाला उघडता येणार नाही.” त्यांनी विचारलं, काय आहे पासवर्ड? आणि तुम्ही सांगितलात. त्यांनी नीट ऐकू आला नाही म्हणताच, फोड करून सांगितलात. मामी म्हणतात, साहेबांनी वहीत लिहिलेलं त्यांनी चहाचे कप उचलताना वाचलं: ‘उमेदवाराविषयी आक्षेप नाही. मामांना प्रशिक्षणाची गरज आहे.’

ता. क. ३. पासवर्ड आजच बदला. कारण मामींनी तो आत्ता फोनवर मला पुन्हा म्हणून दाखवला, आणि तुमच्याकडचा फोन स्पीकरवर होता. नवा कोणता ठेवलात ते मला कळवू नका.